एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

गणित शिकवणाऱ्या माणसाला गावात दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिल्या प्रकारचे सांगतात, "सर, आमाला गणित कधी जमलंच न्हाई," आणि सांगताना छाती अशी फुगवतात की गणित न जमणं ही त्यांच्या घराण्याची परंपराच वाटावी. दुसऱ्या प्रकारचे खिशातून चिठ्ठी काढतात. चिठ्ठीवर एखादी संख्या असते. "सर, ह्यो नंबर कसा हाय, जरा बघा." मी संख्येची नाडी बघून पुडी बांधून देणार, अशी त्यांची समजूत असते.

ओतूरपासून जवळच्या एका गावात, हायस्कूलमध्ये, माझी सगळी नोकरी गेली. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतले निम्मे अजून हयात आहेत आणि उरलेल्यांचे फ्लेक्स हयात आहेत.

चिठ्ठीवाल्यांमध्ये पहिला मान आमच्या अण्णासाहेबांचा. आमच्या शिक्षणसंस्थेच्या संचालकांपैकी ते एक. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय दावं हातात न घेणारा हा माणूस. पण नव्वदच्या दशकात जीप घेतली तेव्हा इंजिनाकडे ढुंकूनही न बघता आधी नंबर बघत बसला. कुणा अंकशास्त्र्याने त्यांना सांगितलं होतं की नंबराची बेरीज नऊ यायला पाहिजे आणि आठ हा आकडा जवळपास फिरकता कामा नये, कारण आठ म्हणजे शनी.

मी म्हणालो, "अण्णासाहेब, बेरीज नऊ आली तर त्या संख्येला नऊने पूर्ण भाग जातो. बाकी काही जात नाही. साडेसातीसुद्धा नाही."

"म्हंजी नंबर चांगला ना?"

"भाग जाण्यापुरता चांगला."

बेरीज नऊ असलेली ती जीप पहिल्याच पावसाळ्यात ओढ्यात गेली. अण्णासाहेब चिखलातून वर आले आणि म्हणाले, "नंबर चांगला व्हता म्हणून वाचलो." श्रद्धेच्या भागाकारात बाकी कधी उरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे मोबाईल आले आणि चार आकड्यांचे दहा आकडे झाले. मंचरचा एक कांदा व्यापारी मुद्दाम मला नंबर दाखवायला आला. दहा अंकी संख्या बघून मला राहवेना, मी हौसेने भागाकार करून त्याला सांगितलं की तुमच्या नंबराला तेराने पूर्ण भाग जातो. मला वाटलं त्याला गंमत वाटेल. तो तसाच परत गेला आणि सिम बदलून आला. संख्येचे गुणधर्म लोकांना फक्त राशीभविष्यापुरते हवे असतात. ती सम आहे की विषम, मूळ आहे की नाही, तिच्या पोटात काय काय दडलंय, याची कुणाला पडलेली नसते.

गणित शिकवण्याचं काम बाहेरून वाटतं तितकं आकड्यांचं नसतंच. भरल्या वर्गाला झोपू न देण्याचं ते काम असतं. शनिवारी शेवटच्या तासाला बीजगणित काढलं तर मास्तरलाच जांभई येते. अशा तासांसाठी प्रत्येक गणिताच्या मास्तरकडे एखादी पाळीव संख्या असते. माझ्याकडे होती १४२८५७.

ही संख्या भाकरी वाटताना सापडते. एक भाकरी सात जणांत वाटायची, म्हणजे एकाला सातने भागायचं. दशांश चिन्हानंतर १४२८५७ येतं, मग पुन्हा १४२८५७, पुन्हा तेच. भाकरी संपते, पोरांचा धीर संपतो, भागाकार काही संपत नाही. आता हे सहा अंक उचलून त्यांची एक धडधाकट पूर्ण संख्या करायची आणि तिला दोनने गुणायचं. २८५७१४ येतात. तीनने गुणलं की ४२८५७१, चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५ आणि सहाने ८५७१४२. बाहेरचा एक अंक आत येत नाही आणि आतला एक बाहेर जात नाही. ओळसुद्धा मोडत नाही. एकच्या मागे चार, चारच्या मागे दोन, मग आठ, मग पाच, मग सात आणि सातच्या मागे फिरून एक. जत्रेतला पाळणा फिरतो तेव्हा वर कोण गेलं एवढंच बदलतं, बसलेले तेच असतात, तसं.

मग सातची पाळी. इथे मी खडू एखाद्या मुलीच्या हातात द्यायचो आणि बाजूला व्हायचो. ती हातचे धरत धरत गुणायची आणि फळ्यावर उमटायचं ९९९९९९. वर्गात एकदम गलका व्हायचा. मी खाली मोठ्या अक्षरांत लिहायचो, 'सातने गुणलं की सगळे सारखे.' कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. त्या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो. नागरिकशास्त्राचे सर तर म्हणायचे की तुम्ही माझा तास खाता.

आता संस्थेकडे वळतो. आमचे संचालक सहा. खरं म्हणजे घटनेत जागा सात होत्या. सातवी जागा पालक प्रतिनिधीची होती आणि ती स्थापनेपासून रिकामी होती, कारण योग्य पालक मिळत नव्हता. गावात पालक पोत्याने होते, अडचण फक्त योग्यतेची होती. सहा जणांची पदंही सहा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि शेवटी नुसता सदस्य. दर पाडव्याला सभा व्हायची, पदं फिरायची, हार पडायचे. कुणाची पाळी आधी लागायची ते त्या वर्षी कुणाचं कुणाशी जमलंय यावर असायचं, पण ओळ म्हणून मोडायची नाही. 'नूतन कार्यकारिणीचे हार्दिक अभिनंदन' असा फळा मला लिहावा लागे, कारण माझं अक्षर बरं. एका वर्षी मी मागच्या पाडव्याचा फळा कपाटामागून काढून तसाच टांगला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची बसण्याची रीतही निराळी होती. इतर संस्थांत अध्यक्ष मधोमध बसतो. आमच्याकडे त्यावरून पूर्वी कधीतरी जोरदार भांडण झालं होतं, कारण सहाला मध नसतो. मधोमध म्हटलं की दोघे येतात. शेवटी पदाप्रमाणे ओळीने बसायचं ठरलं. समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला अध्यक्ष आणि उजव्या टोकाला नुसता सदस्य. मी त्यांना पहिल्यांदा स्टेजवर तसं बसलेलं बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझी पाळीव संख्या उभी राहिली, आणि त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये संचालक मंडळाचं नाव पडलं 'एक लाख बेचाळीस हजार'. ही गोष्ट घडली त्या वर्षी अण्णासाहेब अध्यक्ष होते, म्हणून ते 'एक'. उपाध्यक्ष बापू, ते 'चार'. दूध डेअरी चालवणारे सहसचिव हे 'आठ'. बाकीच्यांना गावातही कुणी नावाने विचारत नसे, तेव्हा मीही विचारत नाही.

या सहा जणांच्या हातात शाहीन मॅडमची नोकरी होती.

शाहीन मॅडम जुन्नरच्या. वडिलांचं तिथे शिवणकामाचं दुकान. मॅडम एम.एस्सी. बी.एड., रोज एसटीने येऊन-जाऊन नववी-दहावीला गणित शिकवायच्या. आवाज कधी चढवला नाही, तरी मागच्या बाकावरचा टगासुद्धा सरळ बसायचा. त्यांच्या वर्गातल्या मुली जिथे तिथे 'हे सिद्ध कर बरं' म्हणू लागल्या होत्या, अगदी घरी आयांनासुद्धा. मी पर्यवेक्षक, त्यामुळे त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी पाय रेंगाळत ठेवायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सरळ सांगून टाकतो.

पण नोकरी तात्पुरती. संस्थेची पद्धत अशी की जूनमध्ये नेमणूक द्यायची, एप्रिलअखेर कार्यमुक्त करायचं आणि जूनमध्ये पुन्हा कोरी नेमणूक. मध्ये खंड पडला की सेवा सलग धरत नाहीत, आणि सेवा सलग नसली की माणूस कायम होत नाही. गणितात याला आवर्ती म्हणतात, संस्थेत 'नियम' म्हणतात. मॅडम दरवर्षी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. त्या वर्षी मात्र गणिताचं पद कायम भरायला वरून मंजुरी आली होती. संचालकांनी एका नावाचा ठराव करायचा, एवढंच बाकी होतं. मॅडमच्या वडिलांची नजर अधू झाली होती, त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि दुकान कधीही बंद पडेल अशी स्थिती होती. अशी मंजुरी पुन्हा कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ठराव झाला तर घराची घडी बसणार होती. नाही झाला तर पुन्हा एप्रिल.

अशात स्नेहसंमेलन आलं. मॅडमनी गणिताचा एक छोटा कार्यक्रम बसवला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुमचीच संख्या आहे, बघा तर." त्या वेळी स्टेजवर सहा खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर सतरंजीएवढा टेबलक्लॉथ आणि सत्काराचे नारळ. मुलींना उभं राहायला जागाच उरली नव्हती. मग सहा मुली स्टेजच्या खाली, गावाकडे तोंड करून, ओळीने उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एक अंक. खाली १, ४, २, ८, ५, ७ आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव वगैरे सगळे, त्याच क्रमाने. स्टेजवरून फक्त वेण्या दिसत होत्या.

सातवी मुलगी माईकवर म्हणाली, "दोनने गुणूया." मुलींनी जागा बदलल्या. "अंक तेच! ओळ तीच! फक्त जागा बदलली!" लोकांनी टाळ्या दिल्या. "तीनने गुणूया." पुन्हा जागा बदलल्या. "अंक तेच! ओळ तीच!" आता गर्दीत खसखस सुरू झाली. चारने गुणेपर्यंत मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, ही तर वरची मंडळी हाय!"

आणि मग बायकांच्या बाजूने कमलताई उठल्या. कमलताई म्हणजे नवऱ्याच्या मागे बटाट्याचं रान एकटीने पिकवणारी आणि मंचरच्या मार्केटात आडत्याला घाम फोडणारी बाई. त्यांची मुलगी मॅडमच्या नववीच्या वर्गात. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पदरातूनच सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "आता पाळी कुणाची? बापूंची का?"

मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होते. आणि स्टेजवरची सहाच्या सहा मंडळी, मुलींनी काहीतरी झकास केलेलं दिसतंय अशा समजुतीने, गावाच्या जोडीने टाळ्या वाजवत होती. शेवटी सातने गुणलं, मुलींनी पुठ्ठे उलटे केले आणि सगळीकडे नऊ झाले. माईकवरची मुलगी माझंच वाक्य म्हणाली, "सातने गुणलं, सगळे सारखे!" अण्णासाहेबांनी नारळ देऊन तिचा सत्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं. "मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सर, तुम्ही स्टाफरूममध्ये कुजबुजता ते बाहेरच्या चिंचेलाही ऐकू जातं. मी तर शेजारच्या टेबलावर बसते."

"पण ठराव व्हायचाय अजून. हे आत्ताच कशाला?"

"इतकी वर्षं गप्प बसून दर एप्रिलमध्ये घरी गेलेच की," त्या म्हणाल्या. "गप्प राहण्याचा उपयोग होतो असं कुठे सिद्ध झालंय?"

आठवड्याभरात बोलावणं आलं. संस्थेच्या ऑफिसात सहाही जण ओळीने बसलेले. मी आणि मॅडम समोर. मी मनात बचावाचं भाषण तयार करून गेलो होतो, त्यात दोन सुभाषितंही होती.

अण्णासाहेब म्हणाले, "सर, गाव आमाला हसलं. कशापायी हसलं, त्ये आमाला इस्कटून सांगा."

मी घसा साफ केला. तेवढ्यात बापूंनी कुणाकडून तरी लिहून आणलेला तो आकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्यातला पयला एक कोण?"

"अध्यक्ष," मॅडम म्हणाल्या.

आता स्फोट होणार म्हणून मी डोळे मिटले. स्फोट झालाही, पण भलतीकडेच.

"म्हंजी मी एक?" अण्णासाहेब उसळले. "ह्यो बापू चार, त्यो डेअरीवाला आठ, अन् अध्यक्ष एक? सगळ्यात बारका आकडा मला?"

"आठ तुमीच घ्या!" डेअरीवाले ओरडले. "मला कशाला शनी लावताय? माझ्या म्हशी आटतील!"

तीच तीच माणसं वर्षानुवर्षं फिरतात, याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. ते तर त्यांना मान्यच होतं. आपल्या वाट्याला आकडा कोणता आला, एवढंच भांडण. मी घाईघाईने म्हणालो, "सगळ्यांची मिळून बेरीज सत्तावीस होते. दोन आणि सात, नऊ."

"नऊ येती?" अण्णासाहेब जरा खाली बसले. "मंग आकडा तसा वाईट न्हाई."

तेव्हा मॅडमनी तो कागद आपल्याकडे ओढला. "अण्णासाहेब, अंकाला दोन किमती असतात. चौथीत शिकवतात. दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत. दर्शनी किंमत म्हणजे अंक दिसायला केवढा, ती. स्थानिक किंमत म्हणजे तो कुठल्या जागेवर बसलाय, त्यावरून येते ती. तुमची दर्शनी किंमत एक. पण तुम्ही लाखाच्या घरात बसला आहात, म्हणून तुमची स्थानिक किंमत एक लाख."

"स्थानिक म्हंजी गावातली ना?"

"तसंही म्हणता येईल."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "अन् ह्या बापूची?"

"चाळीस हजार."

"हां! आता कसं!" अण्णासाहेबांनी चहा मागवला. संस्थेच्या इतिहासात तात्पुरत्या शिक्षिकेसाठी चहा पहिल्यांदाच आला. मला वाटलं, बाईंनी बाजी मारली. याच चहावर ठराव होऊन जाणार.

पण बापू काही साधे नव्हते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "पाडव्याला माझी पाळी हाय. मी पयला आलो, का मंग?"

मॅडमनी संख्येला तीनने गुणलं. ४२८५७१. "मग तुम्ही लाखाच्या घरात. तुमची स्थानिक किंमत चार लाख."

"अन् माझी?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"एक."

"एक लाख?"

"नुसता एक."

बशा खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णासाहेबांनी त्या शेवटच्या एककावर बोट ठेवलं. चौथीत शिकवलेलं माणसाला साठीनंतर कळतं ते असं.

पाडव्याच्या सभेत अण्णासाहेब खुर्चीवरून उठलेच नाहीत. "पाळी फिरणार न्हाई," म्हणाले. बापू म्हणाले, फिरणार. तीन जण इकडे, तीन जण तिकडे. सहाला मध नसतो हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. मी मॅडमना म्हणालो, "तुम्ही संस्था फोडलीत." त्या म्हणाल्या, "मी फक्त तीनने गुणलं, सर."

मग कुणीतरी घटना उघडली आणि तिच्यात सातवी जागा सापडली. दोन्ही गटांना एकाच दिवशी पालकांची आठवण झाली. ज्यांना आजवर गेटच्या आत चपला घालून येऊ देत नव्हते, त्या पालकांना घरोघरी जाऊन नमस्कार सुरू झाले. पण पालकांनी दोन्ही गटांची माणसं बाजूला सारली आणि कमलताईंना उभं केलं. कमलताईंचं म्हणणं एकच होतं. "मॅडम कायम झाल्या पायजेत. माझी पोर पयली गणिताच्या तासाला पोटात दुखतंय म्हणायची. आता तासाला गेली न्हाई तर पोटात दुखतंय म्हणती. असली बाई सोडायची व्हय?" दारोदार त्या हेच बोलत फिरल्या. कमलताई दणक्यात निवडून आल्या.

मला इतका आनंद त्या नोकरीत दुसऱ्या कशाने झालेला नाही. मी ओतूरहून पेढे आणले आणि स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं, 'सातने गुणलं की सगळे सारखे.' सगळे मला हसले, मीही हसलो. मॅडमनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. रुमालात बांधून ठेवला. "ठराव होऊ द्या, मग घरी अब्बांबरोबर खाईन," म्हणाल्या.

ठरावाची सभा एप्रिलच्या शेवटी झाली. पर्यवेक्षक म्हणून मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो. सात खुर्च्या मांडलेल्या बघून मला बरं वाटलं, आता मध होता. मधोमध कोण बसलंय ते बघितलं. अण्णासाहेब. बापू त्यांच्या शेजारी, आणि दोघे एकाच तंबाखूच्या डबीतून तंबाखू घेत होते.

बापूंनी ठराव वाचला. अण्णासाहेब अध्यक्ष राहणार. बापूंसाठी 'कार्याध्यक्ष' असं नवं पद. आणि गणिताच्या कायम पदावर कमलताईंच्या सूनबाई.

झालं होतं असं की सातवं मत आपल्याकडे यावं म्हणून दोन्ही गट वेगवेगळ्या वाटेने, वेगवेगळ्या दिवशी कमलताईंच्या ओसरीवर गेले होते, आणि दोघांनी पुढे केलं होतं ते एकच, सूनबाईंना गणिताचं कायम पद. दोघांचंही देणं सारखंच निघाल्यावर सातवं मत कुणा एकाचं राहिलं नाही, आणि मग आपसांत वाटून घेतल्यावर भांडायचं काही कारणच उरलं नाही.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, सूनबाई बी.एड. आहेत हे खरं, पण त्यांचा विषय इतिहास आहे. इतिहासाच्या शिक्षिकेला दहावीचं गणित देणं हा मुलींवर अन्याय आहे, आणि ज्या बाईंनी इतकी वर्षं शिकवलं त्यांच्यावर तर आहेच. हे लिहून घ्या, असंही म्हणालो.

बापू शांतपणे म्हणाले, "सर, इतिहास आला म्हंजी गणित आपसूक येतंय. पानिपत कदी झालं त्ये सांगाया आकडेच लागत्यात ना?"

कुणी हसलं नाही. तेव्हा कळलं की हा विनोद नव्हता, युक्तिवाद होता. मग हात वर करायला सांगितलं. अण्णासाहेबांचा वर गेला, बापूंचा गेला, डेअरीवाल्यांचा गेला, उरलेल्या तिघांचे गेले. सगळ्यात शेवटी कमलताईंचा गेला, बांगड्या सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. ठराव सर्वानुमते मंजूर. त्या संस्थेत सर्वानुमते झालेलं मी पाहिलेलं ते पहिलं काम.

गेटपाशी कमलताईंनी मला थांबवलं. डोळ्याला डोळा भिडवत नव्हत्या. "सर, रागावू नका. मॅडमचं मला लई वाईट वाटतंय. पण सून घरात बसून व्हती, रोजची किरकिर व्हती. तुमचं गणित फळ्यावं असतंय, आमचं चुलीपाशी."

"आणि तुमची मुलगी?" मी विचारलं. "तिचं गणित?"

त्यांनी पदर सावरला. "आता सूनबाईच शिकवंल की तिला. घरच्या घरी."

माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. आडत्याला घाम फोडणारी ती बाई माझ्यासमोर पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी होती, आणि तरी मला तिचा राग येत होता.

शाहीन मॅडमना त्याच दिवशी कार्यमुक्त केलं. नेहमीचंच पत्र, नेहमीचाच मजकूर, फक्त या वेळी जून नव्हता. मी त्यांना ओतूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेलो. जुन्नरची गाडी लागायची होती. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर आम्ही उभे राहिलो. पर्समधून तिकिटाचे सुटे काढताना तो रुमालही वर आला, पेढ्याच्या तुपाचा डाग पडलेला. त्यांनी तो पुन्हा आत सारला.

मी म्हणालो, "मॅडम, मी पंचवीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून देत आलो की सातने गुणलं की सगळे सारखे. आज त्या वाक्याची लाज वाटतेय. चुकीचं शिकवलं मी."

गाडी आली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. मॅडमनी पिशवी खांद्याला लावली, पायरीवर चढल्या आणि दाराच्या दांडीला धरून मागे वळल्या. वर्गात एखाद्या पोराची वही तपासताना करायच्या तसाच चेहरा केला, न रागावता चूक दाखवणारा.

"चुकीचं नव्हतं हो सर," त्या म्हणाल्या. "गुणाकार अगदी बरोबर होता. फक्त शेवटी एक 'च' लिहायचा राहिला होता."